व्याह्याचं मशीन

असोद्याच्या शालिग्रामभाऊ भोळ्यांच्या घरात दुसऱ्याची वस्तू आली, की ती परत जाईपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नाही. शेजारी राहणाऱ्या वनाकडून त्यांनी एकदा फवारणीचा पंप आणला होता. परत देताना तो साबणानं घासून, पट्ट्यावरचे दहा वर्षांचे डाग काढून दिला. वना म्हणाला, "भाऊ, हा माझाच ना?" कोणाकडे शिडी मागायला नको म्हणून भाऊंनी शिडी विकत घेतली. ती आता अर्धं गाव वापरतं आणि कोणीही पुसून देत नाही, तो भाग वेगळा.

अशा माणसाच्या ओसरीवर श्रावणात व्याह्याचं गवत कापायचं मशीन येऊन पडलं.

व्याही म्हणजे फैजपूरचे ज्ञानेश्वरआप्पा चौधरी. त्यांच्या हितेंद्रला भाऊंची कामिनी दिली, त्याला चार वर्षं झाली. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी भाऊंच्या आजोबांची चाल. भाऊ सुधारलेले, ते पाणी घेतात. पण अर्धाच पेला. त्यामुळे मशीन मागायचा प्रश्नच नव्हता. फोनवर फक्त एवढंच बोलून गेले, की केळीत गवत गुडघ्याला लागलंय आणि निंदायला बाया मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी जावई मोटारसायकलला मशीन बांधून दारात हजर. आता नाही म्हणावं तर व्याह्याचा अपमान.

हितेंद्रनं चहा घेतला आणि म्हणाला, "बाबा, टाकी भरलेली आहे. दोरी ओढली की सुरू. संपलं तर पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाका, बाटली पिशवीत आहे."

तेल किती, हे भाऊंनी विचारलं नाही. जावयानं सांगायचं आणि सासऱ्यानं मान हलवायची, एवढाच शिरस्ता त्यांना माहीत होता.

पहिला दिवस तसा निभावला. मशीनच्या तोंडाशी नायलॉनची जाड दोरी असते, तीच गरागरा फिरून गवत उडवते. भाऊंनी तिची दोन्ही टोकं वीतभर, सारखी ओढून घेतली. पट्टा खांद्यात अडकवून, तोंड जमिनीला समांतर राहील असा दोनदा सैल केला, तीनदा आवळला. ठिबकच्या नळ्या उचलून केळीच्या बुंध्याशी सरकवल्या, कारण ही दोरी गवत आणि नळी यांत फरक करत नाही. मग चार ओळी झाल्या. दर ओळीच्या शेवटी मशीन बंद करून भाऊ त्याला हात लावून बघत, ताप आलेल्या लेकराला बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरून निघण्याआधी त्यांनी टाकी उघडली. पेट्रोल निम्मं होतं. भाऊंच्या मनात आलं, पेट्रोल उरलं, पण तेल काल जळून गेलं असलं तर? कोरडंच फिरलं आणि जाम झालं तर? स्वतःचं मशीन असतं तर बेतानं थेंबभर टाकलं असतं. पण हे व्याह्याचं. व्याह्याच्या ताटात वरणबट्टीवर तूप वाढताना तो हात आडवा धरतो आणि आपण त्याच्या बोटांवरून धार सोडतो, हीच भाऊंची आयुष्यभराची रीत. त्यांनी अर्धी बाटली तेल सरळ टाकीत ओतलं.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाई भाकरी बांधता बांधता थांबल्या. "एवढं?"

"व्याह्याचं हाये. कमी नको पडायले."

मिसळलेलं तेल पेट्रोलबरोबरच जळतं, उरलेल्या पेट्रोलमध्ये ते असतंच, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. अंगणातच सुरू करून बघावं म्हणून भाऊंनी दोरी ओढली. मशीननं असा पांढरा धूर सोडला, की वनाच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं खोकलं, आणि गप्प झालं.

भाऊंनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. तीस वेळा ओढली. सुनंदाबाईंनी मोजलं, कारण मध्ये बोलायची सोय नव्हती.

"गेलं," भाऊ ओसरीच्या कडेला बसले. "इंजिन गेलं."

वना भिंतीवरून डोकावला. "भाऊ, गवत जाळून मारायचा इचार हाये का?"

"तू म्हशी सांभाळ."

मशीन बिघडलं तर नवं घेऊन देता येईल, त्याचं काही नव्हतं. भाऊंना दिसत होतं ते फैजपूरचं स्वयंपाकघर. विहीणबाई काही बोलणार नाहीत, त्या भल्या. पण दरवर्षी गवत उगवणार, दरवर्षी कोणीतरी म्हणणार, "आपलं जुनं मशीन काय छान चालत होतं," आणि ओट्याशी उभी असलेली कामिनी खाली बघणार. पोरीनं चार वर्षांत त्या घरात जे कमावलं, ते बापानं अर्ध्या बाटलीत बुडवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ज्ञानेश्वरआप्पाच.

"भाऊ, जळगावला कामाला आलोय. तासाभरात तुमच्याकडे येतो, मशीन घेऊन जातो. चाललंय ना बरोबर?"

"एकदम," भाऊ म्हणाले. फोन ठेवला आणि घाम पुसला.

"एकदम काय?" सुनंदाबाई म्हणाल्या. "कामिनीले लावा फोन."

"तिले नको! तिच्या डोक्याले कशाले?"

"मंग आप्पाले काय सांगसान? म्हशीनं तुडवलं?" आणि त्यांनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर.

कामिनीनं सगळं ऐकलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "बाबा, इंजिन नाही गेलं. प्लग तेलानं भिजला. आधी बटण बंद करा. टाकी पूर्ण डब्यात उपसा. पिशवीत पाना आहे, त्यानं प्लग काढा."

"मी काढू? अन् तुटला तर?"

"बाबा, तुम्ही विहिरीची मोटर उतरवता. काढा."

भाऊंनी काढला. काळा, चिकट, तव्यावरून काढलेल्या लवंगेसारखा. कामिनीच्या सांगण्यावरून तो कापडानं पुसला, टोकाला बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं मारला. मग प्लग बाहेरच ठेवून, भोकावर फडकं धरून, दोरी दहा वेळा ओढली. आतलं तेल पिचकारीसारखं फडक्यावर आलं. भाऊंचा जीव ओसरीवर पडला होता, तो जरा उठून बसला.

"आता नवं पेट्रोल. लिटरला चाळीस मिली तेल. खोकल्याच्या औषधाचं टोपण असेल ना, दहाच्या खुणेपर्यंत? तशी चार. दुसऱ्या डब्यात मिसळून, हलवून, मगच टाकीत. पाचवं टोपण घालायचं नाही, बाबा."

"अर्धं?"

"बाबा."

भाऊंनी चारच टोपणं घातली, पण चौथं जरा काठोकाठ. अकराव्या ओढीला मशीन सुरू झालं. सुनंदाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि धुरामुळे, असं सांगितलं.

ते बंद करून पुसून होतं न होतं, तोच आप्पांची गाडी दारात. उंच, पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस. पाणी घेतलं, चहा घेतला आणि मशीनकडे गेले. भाऊ मागोमाग. आप्पांनी दोरी ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली, मशीन लागलं, पण धुराच्या नळीत उरलेल्या तेलाचा एक निळसर लोट आप्पांच्या टोपीवरून गेला.

"धूर मारतंय," आप्पा म्हणाले.

सुनंदाबाई आत भांडी वाजवत होत्या, ती वाजायची थांबली. गप्प राहिलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण मग फैजपूरला गेल्यावर कोणीतरी विचारणार, धूर का, आणि कामिनीला उत्तर माहीत असणार.

"आप्पा," भाऊ म्हणाले, "तेल मी जास्त टाकलं. अर्धी बाटली. बंद पडलं होतं. सकाळी प्लग काढून साफ केला. काही बिघडलं असलं तर ते माझ्या हातून. कामिनीला कोणी काही बोलू नका."

आप्पांनी मशीन बंद केलं.

"कामिनीला? तिला कोण बोलणार?" त्यांनी टोपी काढून झटकली. "आमच्याकडे मशीनला हात लावायचा तर तिला विचारून. मागच्या साली मी ही नायलॉनची दोरी उलटी गुंडाळली. आठ दिवस बोलत होती ती मला. दोरी कशी भरायची ते तिनं मला दोनदा करून दाखवलं."

मशीन गाडीला बांधून आप्पा गेले. सुनंदाबाई दारात येऊन म्हणाल्या, "झालं ना? आता तरी दोन घास खा."

भाऊ ताटावर बसले. भाकरी मोडली, घास हातात धरला, आणि तसाच खाली ठेवून फोन उचलला.

"कामिनी? हो, गेले आप्पा. मशीन चांगलं हाये. ते राहू दे." त्यांनी आवाज बारीक केला. "तू सासऱ्याले आठ दिवस बोलत होती?"