कलशेट्टी साहेब आणि गाडीचं ऑइल

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचे कार्यालय अधीक्षक राजशेखर कलशेट्टी रोज संध्याकाळी आपल्या गाडीखाली वर्तमानपत्र अंथरत. त्याच दिवसाचं. म्हणजे सकाळी त्यावर सापडलेला ऑइलचा डाग कोणत्या तारखेचा, हे वेगळं लिहून ठेवायला नको. चौतीस वर्षं फायलींत काढलेल्या आणि येत्या ऑगस्टमध्ये निवृत्त होणाऱ्या या बी.कॉम. माणसाला ही युक्ती सुचली, तेव्हा त्यांना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की ऑफिसात तिघांना बोलावून सांगितलं. अडचण एकच होती. त्यांच्या पत्नी शिवकांताबाईंचा पेपर दुपारच्या झोपेनंतर वाचायचा राहिलेला असे.

"माझी रास रोज गाडीखाली जाते," त्या म्हणत. "मग दिवस चांगला कुठून जायचा?"

पहिल्यांदा डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता. दिवाळीत तो पुरीएवढा झाला आणि संक्रांतीला भाकरीएवढा. राजशेखर फूटपट्टी लावून सेंटिमीटरमध्ये सांगत आणि शिवकांताबाई पुरी-भाकरीत सांगत, पण दोघांचं म्हणणं एकच होतं. गाडी सोळा वर्षांची, पांढरी, लहानशी. तीन मिस्त्र्यांना दाखवून झाली होती. पहिल्यानं नट आवळले, दुसऱ्यानं काळी पेस्ट फासली, आणि तिसरा म्हणाला, "ह्या वयात गळायचंच, साहेब." तो गाडीबद्दल बोलतोय की आपल्याबद्दल, हा विचार राजशेखरांनी घरी येईपर्यंत केला.

मिस्त्री काही करोत, आपल्याकडून कसूर नको, म्हणून दर रविवारी सकाळी सातला, अंघोळ आणि लिंगपूजा आटोपून, इंजिन पूर्ण थंड असताना ते बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी ओढून धुतलेल्या फडक्यानं पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा काढत आणि चष्मा कपाळावर चढवून बघत. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोहोंच्या मध्ये हवं. राजशेखरांच्या पट्टीवर ते कायम खालच्या खुणेला टेकलेलं. मग ते पाव लिटर ओतत. पुढच्या रविवारी पुन्हा पाव लिटर. डाग वाढतोय म्हणजे ऑइल कमी होणारच, यात त्यांना शंका घ्यावी असं काहीच दिसत नव्हतं.

ही गाडी खरं तर दसऱ्यालाच साक्षीकडे जायची होती. साक्षी त्यांची मुलगी. राहायला नांदेडला आणि नोकरी हदगावच्या सरकारी दवाखान्यात, औषधांच्या खिडकीवर. पहाटे निघायचं, बस धरायची, संध्याकाळी पुन्हा बसची वाट बघायची. घरी पोचेपर्यंत साडेआठ, आणि तोवर दीड वर्षाचा आदिनाथ झोपलेला. लग्नानंतर मुलीनं बापाकडे मागितलेली ही पहिली वस्तू. राजशेखर हरखून "गाडी तुझीच" म्हणाले होते. फक्त पुढे जोडलं होतं, "गळती बंद झाली की लगेच."

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. शुक्रवारी साक्षीचा फोन आला.

"अप्पा, यांच्या ओळखीत एक गाडी विकायची आहे. रविवारी चारला बघायला जायचंय. तुमची येणार असेल तर सांगा, नाहीतर मी ती पक्की करते."

"अगं, पण गळती अजून—"

"अप्पा, आदीला मी फक्त रविवारी दिसते."

फोन ठेवल्यावर राजशेखर बराच वेळ चहा ढवळत बसले. चहात साखर नव्हतीच. त्यांना ती डॉक्टरांनी बंद केलेली.

"काय होईल ते होऊ दे," शिवकांताबाई म्हणाल्या. "रविवारी गाडी घेऊन जाऊ. तुमच्या गळतीच्या नादात पोरगी परक्याची गाडी घेईल."

रविवारी सातला नेमानं पट्टी पाहिली. ऑइल खाली. लांबचा पल्ला म्हणून राजशेखरांनी अर्धा लिटर ओतलं, शिवाय दोन डबे, फडकी, पुठ्ठा आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका बरोबर घेतली. जेवण उरकून साडेअकराला दोघं निघाले. चाकूरला चहाला थांबले तेव्हा त्यांनी पंधरा मिनिटं घड्याळ लावून वाट पाहिली आणि पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"गरम झालं की ऑइल फुगतं," ते म्हणाले.

"फुगायला ते काय भजं आहे?" शिवकांताबाईंनी विचारलं.

अहमदपूरला पुन्हा तेच. तेव्हा राजशेखर या निष्कर्षाला आले की पट्टी बिघडली आहे. लोखंडाची सरळ पट्टी, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं, हे त्यांना त्या वेळी सुचलं नाही.

लोह्याच्या अलीकडे बॉनेटमधून निळसर धूर आला आणि जळक्या ऑइलचा वास. हळूहळू गाडी पुढे नेली, तर रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज दिसलं. आत सटवाजी मिस्त्री बाजेवर बसून शेंगा फोडत होते. साठीचे, खाकी चड्डी, अंगात ठिगळाची बनियन.

त्यांनी आधी गाडी नीट सपाट जागी घ्यायला लावली. मग दहा मिनिटं शेंगाच खाल्ल्या. मग पट्टी काढली, उन्हात धरली आणि राजशेखरांकडं बघितलं.

"साहेब, ह्याच्यात ऑइल कुनी वतलं?"

"मीच. दर रविवारी. कमी झालं की."

"कमी? आवो, गाडीत ऑइल हाय का हिरीत पानी?" ते वाकून खाली बघायला लागले. "तुम्ही वरून वतून राहिले आन ती खालून काढून राहिली. तिनं तरी काय करावं? जास्ती झालं की ऑइल जागा धुंडतंय. जिथं पॅकिंग ढिलं, तिथून भाईर. मंग सायलेन्सरवर पडलं की धूर."

"पण मी स्वतः मोजलंय! इंजिन थंड असताना, दोनदा पुसून!"

"घरी गाडी कुठं लावता?"

"दारात. चांगली फरशी आहे."

"सपाट हाय?"

राजशेखरांनी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिवकांताबाईंनी पर्समधून मोबाइल काढला. "दसऱ्याचा फोटो आहे, दादा. बघा."

फोटोत गाडीला झेंडूची माळ होती. पोर्चमध्ये अर्धी जागा पाण्याच्या टाकीनं घेतलेली, म्हणून गाडीची पुढची चाकं वर फरशीवर आणि मागची खाली उतारावर, रस्त्यालगत. तोंड आभाळाकडे. शेजारी राजशेखर हातात नारळ घेऊन अगदी ताठ उभे.

सटवाजींनी फोटो बोटांनी मोठा केला. "ही गाडी हाय का घरावर चढायलेली घोरपड?" आणि असे हसले की शेंगांची टरफलं मांडीवरून सांडली. "साहेब, तोंड वर केलं की आतलं ऑइल माघं जातंय. तुमची पट्टी म्होरं. तिला ऑइल लागंल कसं? ती बिचारी खालीच दाखवनार."

राजशेखरांनी पुस्तिका उघडली. ऑइल तपासण्याच्या पानावर पहिलीच सूचना होती, गाडी सपाट जागी उभी करावी. तिच्यापुढे त्यांच्याच पेन्सिलीची टिक होती. साऱ्याच सूचनांपुढे होती. कॉलेजात मुलांचे अर्ज तपासताना पहिल्या ओळीत काही वाचण्यासारखं नसतंच, या सवयीनं त्यांनी ती न वाचता टिक केली होती. आणि मुलांनी पहिली ओळ न वाचता सही केली, की हेच राजशेखर त्यांना खिडकीशी उभं करून दहा मिनिटं बोलत.

"आधी गळत नव्हतं असं न्हाई," सटवाजी धीर देत म्हणाले. "वरचं पॅकिंग कडक झालंय. त्यानं रोज दोन थेंब पडले आसते. बाकी समदी तुमची मेहनत."

खालचा नट ढिला करून त्यांनी जादा ऑइल काढलं. दीड लिटरहून जास्त निघालं. मग वरचं झाकण उघडून नवं पॅकिंग बसवायला घेतलं. ते चालू असतानाच साक्षीचा फोन आला. तीन वाजले होते.

"अप्पा, कुठं आहात? काही बिघडलंय का? आम्ही ती दुसरी गाडी बघायला निघू का?"

राजशेखरांकडे उत्तर तयार होतं. जुनी गाडी आहे बेटा, भरवसा नाही, तू तीच घे. कुणीही मान डोलावली असती. काटेकोर माणूस म्हणून चौतीस वर्षांत झालेलं नाव तसंच राहिलं असतं, आणि सटवाजी काही लोह्याहून नांदेडला सांगायला जाणार नव्हते. शिवकांताबाई मात्र त्यांच्याकडे बघत होत्या.

"निघू नका," राजशेखर म्हणाले. "गाडी चांगली आहे."

"पण गळती?"

"गळती म्हणजे... गाडीला काही झालेलं नाही. मी तिला चढावर उभी करून मोजत होतो. त्यामुळे ऑइल कमी दिसायचं, आणि मी ओतायचो. दसऱ्यापासून." त्यांनी पुस्तिका मिटली. "तू बसनं जात होतीस ते माझ्यामुळे."

पलीकडे आधी जावई हसल्याचा आवाज आला, म्हणजे फोन स्पीकरवर होता. मग साक्षी.

"आई, खरंय हे?"

"फोटो पाठवते," शिवकांताबाई म्हणाल्या.

नांदेडला पोचायला पाच वाजले. साक्षीनं किल्ली घेतली, सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या बाजूनं वळवला. राजशेखर खिडकीशी वाकून क्लच, टायर, वायपर असं एकेक सांगायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, हात काढा, काच वर करायचीय." त्यांनी हात काढला. रात्री ते दोघं एसटीनं लातूरला परतले.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला.

"पोचले," साक्षी म्हणाली.

"इतक्या लवकर? गाडी कशी—"

"खाली उभी आहे. बॉनेट उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. आईकडून सटवाजी काकांचा नंबर घेऊन विचारलं, ते म्हणाले महिन्यातून एकदा. तुम्ही तर तेवढंही बघायचं नाही म्हणाले."

"बरं केलं त्यांनी," राजशेखर म्हणाले.

मागून वाटी आपटल्याचा आवाज येत होता, आणि आदिनाथचं ओरडणं. साक्षीनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. तो नुसताच जोरजोरात श्वास घेत राहिला. राजशेखरांनी दोनदा "आदी" म्हणून हाक मारली आणि मग त्याचा श्वास ऐकत राहिले. शिवकांताबाई हात पुढे करून उभ्या होत्या, तरी त्यांनी फोन दिला नाही.