बिघाड सांगून झाला

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. विसाव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टच्या टपावर हा बिनधास्त चढतो, आणि स्वतःच्या तीन महिन्यांच्या पोरीला? हातही लावत नव्हता! बायकोनं पोर पुढे केली की पाठ फिरवायचा. शेवटी भावजय म्हणाली, "ताई, असंच चाललं तर मी हिला घेऊन माहेरी जाते, ती कायमची." मग मीच त्याचं बखोट धरून त्याला मानसोपचाराच्या बाईंकडे नेलं.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसून यानं सांगितलं, "मला माझी मुलगी घेता येत नाही," आणि गप्प. लिफ्टवाल्यांच्या धंद्यात रीतच ती. तक्रार करणाऱ्यानं बिघाड सांगायचा आणि बाजूला उभं राहायचं, मधे लुडबुड करायची नाही. बाईही गप्प. वेळ संपेपर्यंत दोघं बसून राहिले! बाहेर येऊन माझ्यावरच डाफरला, "ना गोळी, ना सल्ला. त्यांनी हत्यारसुद्धा बाहेर काढलं नाही."

"अरे शहाण्या, तिथं तूच बोलायचं असतं," मी म्हटलं.

मग दर आठवड्याला तीच वेळ, तीच खुर्ची. मनात येईल ते बोलायचं. महिनोन्महिने हा लिफ्टबद्दलच बोलला. मधे बाई रजेवर गेल्या, तर त्या परतल्यावर हा रुसून दोनदा गेलाच नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "माझा राग आला होता?"

"तुम्ही काही बोलतच नाही," हा ओरडला, "अगदी आईसारख्या!" आणि ढसाढसा रडला. घरी येऊन त्यानंच मला सांगितलं.

आमचा सगळ्यांत धाकटा भाऊ जिन्यात याच्या कडेवरून पडला आणि त्यातच गेला. हा तेव्हा सात वर्षांचा. आईनं याला ना मारलं, ना जवळ घेतलं, ना त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर काढलं. घरात सगळ्यांचं एकच, झाकली मूठ! आत पोराचा जीव गुदमरतोय, त्याचं काय?

गेल्या रविवारी तो आईसमोर उभा राहिला. "आई, तो माझ्याच हातून पडला ना?"

भाजी निवडता निवडता आईचे हात थांबले. "हो," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. जवळ घेईल असं मला वाटलं होतं. इतकी चीड आली मला तिची!

तो भिंतीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसला. भावजय पोरीला घेऊन दारातच होती.

"दे इकडे," तो म्हणाला. "इथून कुठं पडणार ती?"