गुरुवारचे अध्यक्ष

आमच्या घरात फौज आणि युनियन एकाच छपराखाली राहत होती. फौज म्हणजे आजोबा. महूहून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, आणि आम्हा सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळा ठरवणारे. युनियन म्हणजे बाबा. मिलमध्ये मागावर काम करणारे, आणि चार युनियनपैकी सगळ्यांत लहान युनियनचे सेक्रेटरी. स्नेहलतागंजमधल्या त्या दोन खोल्यांत हुकूम फक्त आजोबांचा चालायचा. बाबा बाहेर माइकवर कितीही बोलोत, घरी पंखा कितीवर ठेवायचा हेही त्यांना विचारत नसत.

याला कारण होतं. अठराव्या वर्षी बाबा महूला भरतीला गेले होते. छाती फुगवून पाहिजे तेवढी भरेना, म्हणून परत आले. आजोबा त्या दिवशी मैदानाबाहेर वर्दीत उभे होते. ते मुलाला रागावले नाहीत, सायकलवर मागे बसवून घरी घेऊन आले आणि त्यानंतर त्यांनी मुलाचं कुठलंच म्हणणं ऐकलं नाही. कोणी विचारलं तर ‘मुलगा मिलमध्ये असतो’ एवढंच सांगायचे, घरात कोणी आजारी असल्याचं सांगावं तशा आवाजात. एकदा, फक्त एकदाच वडिलांनी आपलं ऐकावं, एवढी एकच इच्छा बाबांच्या मनात पंचवीस वर्षं होती. हे आई मला सांगायची. बाबा स्वतः कधी बोलले नाहीत.

मग मिल बंद झाली. वर्तमानपत्रांत रोज उदारीकरणाचं स्वागत चालू होतं, विजय नगरकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि आमच्या मिलच्या गेटवर एक कुलूप आणि एक नोटीस लटकत होती. काही दिवसांनी बातमी आली की मालक आतले माग भंगारात काढणार. माग गेले की मिल पुन्हा सुरू होण्याची आशाच संपली. तेव्हा चारही युनियन आयुष्यात पहिल्यांदा एकत्र आल्या आणि त्यांनी संयुक्त समिती केली.

मी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून समितीचं रजिस्टर माझ्याकडे आलं. पहिल्या सभेचा वृत्तांत माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. अध्यक्ष कोण, यावर चार तास भांडण झालं. शेवटी तोडगा निघाला तो असा: प्रत्येक युनियनला आठवड्यातला एक दिवस. सोमवार, मंगळवार आणि बुधवार मोठ्या तिघांनी घेतले. गुरुवार बाबांना मिळाला. उरलेले तीन दिवस सामूहिक अध्यक्षतेचे ठरले, म्हणजे त्या दिवशी काहीच होणार नव्हतं.

गेटवर दिवसभर पहारा ठेवायचा तर माणसं सांभाळायला कोणी तरी हवा होता. चौघांनाही चालेल असा माणूस एकच होता, कारण तो कुठल्याच युनियनचा नव्हता आणि सगळ्यांनाच तुच्छ समजत होता. समिती आमच्या घरी आली. आजोबांनी सगळ्यांना खाटेवर बसवलं, स्वतः उभे राहिले आणि तीन प्रश्न विचारले. काम काय? हुकूम कोणाचा? संपणार कधी? ‘हे तिन्ही लिहून आणा,’ म्हणाले, आणि आत निघून गेले.

लिहायला समितीला तीन दिवस लागले. प्रत्येक शब्दावर चौघांची सही हवी होती. मी अंतिम मसुदा सुवाच्य अक्षरात उतरवला: मिलमधून एकही मशीन बाहेर जाऊ देऊ नये, मात्र कायदा मोडू नये, कोणाला अडवू नये आणि पोलिसांशी सलोखा ठेवावा. हुकूम त्या त्या दिवसाच्या अध्यक्षांचा. मुदत, पुढील निर्णयापर्यंत. मला वाटलं, आजोबा कागद तोंडावर फेकतील. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. तरुणपणी ते आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होते, निळी टोपी घालून, दहा-बारा देशांच्या पलटणींबरोबर. ‘अगदी असेच हुकूम यायचे तिकडे,’ ते म्हणाले. ‘चला, काम ओळखीचं आहे.’ आणि ट्रंकेतून ती निळी टोपी काढून उन्हात ठेवली.

दुसऱ्या दिवशी चार युनियनचे स्वयंसेवक गेटवर हजर झाले आणि प्रत्येक तुकडीने आपापल्या अटी सांगितल्या. पहिल्या युनियनची माणसं रस्त्यावर उभी राहणार होती, पण बसणार नव्हती. बसायचं की नाही ते भोपाळहून ठरणार होतं. ‘ऊपर से पूछना पड़ेगा, सूबेदार साब,’ असं त्यांचा नेता दर तासाला सांगायचा आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे जायचा. दुसरीची माणसं फक्त मागांसाठी आडवी होणार होती. कताईची मशीनं निघाली तर ती बाजूला सरणार होती, कारण कताई खात्यात त्यांचे मेंबर नव्हते. तिसरीला दुसऱ्या कोणाच्या झेंड्याखाली उभं राहायचं नव्हतं, म्हणून चारही बांबू टेपने मोजून एका उंचीचे कापावे लागले. आमची चौथी तुकडी कशालाही तयार होती, पण तीत अकरा जण होते आणि त्यातल्या चौघांना खाली बसलं की उठायला मदत लागायची.

चहासुद्धा चार किटल्यांतून यायचा. आजोबांना यातल्या कशाचंच नवल वाटलं नाही. तिकडेही असंच होतं, ते मला समजावून सांगायचे. एक पलटण पूल राखायची, पण पुलाकडे जाणारा रस्ता राखायची नाही. दुसरी ट्रक हलवायच्या आधी आपल्या राजधानीला तार करायची. जेवण तर प्रत्येकाचं वेगळंच. माझ्या प्राध्यापकांनी शांतिसेनेवरच्या नोट्स आम्हाला जांभया देत लिहून दिल्या होत्या. आजोबांकडून मी तेच गेटवर, स्टुलावर बसून शिकले, आणि परीक्षेत किटल्यांचं उदाहरण लिहून नापास होता होता वाचले.

पंधरा दिवसांत मात्र आजोबांनी त्या घोळक्याला शिस्त लावली. त्यांच्या शिट्टीवर दोनशे माणसं उठायची, बसायची, रांगा बदलायची. भोपाळवालेही एकदा चुकून बसले. मग व्हायचं तेच झालं. मंगळवारच्या सभेत एकाने ठराव मांडला की हे रोजचे अध्यक्ष बंद करा आणि सगळं सुभेदारसाहेबांच्या हाती द्या. टाळ्या पडल्या. बाबा मान खाली घालून बसले होते. मी लिहायचं थांबवलं. आता बाहेरही आजोबांचंच राज्य येणार, आणि बाबांचा एकुलता एक गुरुवारही जाणार, असं मला वाटलं आणि मनातून आजोबांचा फार राग आला.

आजोबा उठले ते तापलेलेच. ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याला खुर्ची द्यायची नसते, एवढी अक्कल तुम्हाला नाही का, असं त्यांनी विचारलं. तिकडे आफ्रिकेत एका कर्नलने अशीच खुर्ची बळकावली होती, आणि मग त्याच्या देशातल्या लोकांना जीव मुठीत धरून जंगलात पळावं लागलं होतं, हेही सांगितलं. ‘माझ्या वर कोणी तरी पाहिजे. कसाही असो, पण पाहिजे.’ ठराव मागे घेतला गेला. घरी आल्यावर आई मला हळूच म्हणाली की अशी एक समिती आपल्या घरावरही नेमायला हवी.

ट्रक आले ते गुरुवारी. सकाळी दहाच्या सुमारास मागच्या फाटकातून तीन रिकामे ट्रक आत गेले आणि मागचा रस्ता कच्चा, म्हणून अकराला भरून मुख्य गेटपाशी आले. तिन्हींवर माग होते, त्यामुळे दुसऱ्या युनियनची माणसं लगेच पुढे झाली. भोपाळवाल्यांचा नेता बूथकडे धावला. डबे घेऊन आलेल्या बायका पुढच्या रांगेत जाऊन बसल्या, त्यांत आईही होती. समोर एक इन्स्पेक्टर आणि पंधरा-वीस पोलीस होते. आजोबा निळी टोपी घालून मधोमध उभे राहिले. त्यांनी पोलीस मोजले, ट्रकांची चाकं पाहिली आणि बाबांना सांगितलं की पुढे रेटल्याशिवाय यांना वळायला जागा नाही, अर्धा तास धरला तर उलटे हटून माल परत आत न्यावा लागेल.

त्यांचं बरोबर होतं. ते आज मलाही कळतं. पण बाबा दुसरीकडेच पाहत होते. मागच्या रांगेतली पोरं वाकून दगड उचलत होती, आणि रस्त्याच्या टोकाला पोलिसांची आणखी दोन वाहनं येऊन थांबली होती. बाबांनी पुढे बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग ते आजोबांजवळ गेले. मी रजिस्टर घेऊन शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

“दादा, गेट मोकळं करा.”

“कोण सांगतंय?”

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

“अध्यक्ष.”

“मग लेखी द्या.”

मी रजिस्टरचं पान फाडून दिलं. बाबांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. इन्स्पेक्टर घड्याळ बघत उभा होता. आजोबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि दोन ओळींचा हुकूम सावकाश वाचला. मग हुद्दा कुठे आहे म्हणून विचारलं. बाबांनी कागद परत घेऊन सहीखाली लिहिलं: अध्यक्ष, गुरुवार.

आजोबा नाही म्हणतील, दोनशे माणसांसमोर मुलाला बाजूला सारतील, आणि बाबा ते उरलेलं आयुष्य विसरणार नाहीत, याची मला खात्रीच होती. आजोबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

“हुकूम चुकीचा आहे, साहेब,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तामील करतो.”

शिट्टी वाजली. रांगा उठल्या, दोन्ही बाजूंना सरकल्या, बायकाही उठल्या. कोणी ओरडलं, कोणी शिव्या दिल्या, एकाने बाबांना विकला गेलास म्हटलं. आजोबांनी त्या माणसाकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. भोपाळवाला नेता तेवढ्यात धापा टाकत आला आणि बसायला परवानगी मिळाल्याचं सांगू लागला.

आजोबा वळले, टाचा जुळवल्या आणि बाबांना कडक सॅल्यूट ठोकला.

पहिला ट्रक गेला. बाबा तसेच उभे. दुसऱ्या ट्रकवर त्यांचा स्वतःचा माग होता. पांढऱ्या रंगात रंगवलेला नंबर मीही ओळखला. ते त्याच्याकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आजोबांचा हात कपाळाशी तसाच होता. सत्तरी ओलांडलेला तो हात आता कापायला लागला होता, तरी ते खाली घेईनात. तिसरा ट्रकही गेला.

मग आजोबा ओठ न हलवता, इतक्या हलक्या आवाजात बोलले की फक्त आम्हा दोघांनाच ऐकू यावं.

“हात वर कर, बाळा. तू केल्याशिवाय मला खाली घेता येत नाही.”