मोहफुलांचे जर्मन माप

चंद्रपूर-गडचिरोलीच्या साऱ्या मुलखात जर्मन शिरस्त्राणांवर जीव जडलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये त्यांनी हयात मिस्त्री म्हणून काढली. मन मात्र पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मुक्कामाला असे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात सात पोलादी टोप होते आणि त्यांच्याखाली, मिठाईच्या डब्यांत कापसावर निजवलेले बिल्ले आणि बक्कले. पहिल्या युद्धापुढचे काहीही त्यांना वर्ज्य होते. “त्याच्यानंतरच्या टोपायले माह्या घरात जागा नाई,” असे म्हणताना त्यांचा मऊ चेहरा कठोर होई. पावसाची झड लागली की कपाटात बल्ब अखंड जळे, आणि मेहुणीबाईंचे पापड मात्र बाहेर सादळत. एका उन्हाळ्यात, सैनिकांचे हाल कळावेत म्हणून, ते भर दुपारी टोप घालून गच्चीवर बसले आणि भोवळ येऊन पडले. तोंडावर पाणी मारत मेहुणीबाई म्हणाल्या, “डोस्क्यावर लोखंड घेऊन उन्हात काऊन बसता? जर्मनीत चंद्रपूरचं ऊन असते काय?” एवढे असूनही स्कूटर ते उघड्या डोक्यानेच चालवीत. पोलिसाने अडवले तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले, “साहेब, घरी सात हायेत. पण ते वापराले काढत नाई मी.”

त्यांचा जीव अडकला तो मात्र आठव्या टोपात. धानोऱ्याकडच्या एका जंगलगावात तो एका गोंड म्हातारीच्या घरी होता. तिचा आजेसासरा युद्धात मजूर म्हणून समुद्रापार गेला आणि परतला तो हा टोप डोक्यावर घालून. गावाने त्याचे माप केले. आतले चामडे केव्हाच गेले होते; त्याच्या खिळ्यांच्या भोकांतून धान गळे, मोहफूल गळत नसे. म्हणून मोह मोजायचा तो त्यानेच, शेजारी उसना द्यायचा आणि परत घ्यायचा तोही त्यानेच. “आपल्या जंगलातला माणूस हा घालून आला,” साडभाऊ मला म्हणत. “असा दुसरा कुठीच नाई.”

पाच उन्हाळे त्यांनी खेटे घातले. कधी कधी मीही सोबत असे. म्हातारीचे उत्तर ठरलेले होते. “माप देल्लं तं आम्ही मोजाव कायनं?” त्यांनी नवे घमेले नेले. तिने टोपभर फुले त्यात ओतून मान हलवली. “याच्यात जास्ती मावते. गाव मले सोडन काय?” मग त्यांनी कपाटातला एक टोप नेला. त्यात ओतून तिची ओंजळभर फुले उरली. “हा लेकराचा होय, भाऊ,” म्हणत ती बोळक्या तोंडाने हसली.

परतीच्या बसमध्ये साडभाऊ एकच आकडा पुटपुटत होते. टोपाच्या आतल्या कडेला आकाराचा आकडा ठोकलेला असतो. म्हातारीच्या टोपावरचा आकडा त्यांच्याकडच्या एकाच टोपावर होता: मूळचा हिरवा-तपकिरी रंग आणि आतले चामडे शाबूत असलेल्या, मलाही कधी हाती न दिलेल्या टोपावर. माप करायचे तर ते चामडे काढणे भाग होते. “राहू द्या ना, साडभाऊ,” मी चाचरत म्हणालो. “आता नाई राहवत,” ते म्हणाले. चामडे त्यांनी स्वतःच काढले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हातारीने जुना टोप भरला, तळहाताने सपाट केला आणि नव्यात ओतला. काठोकाठ. जुना टोप पदराने पुसून तिने त्यांच्या हाती दिला.

त्या टोपाला त्यांच्या घरी एकही पावसाळा पुरा पाहता आला नाही. साडभाऊ श्रावणातच गेले. मुलाने संग्रह नागपूरच्या एका गृहस्थांना दिला. त्यांनी तेवढा गंजका टोप नको म्हणून बाजूला काढून ठेवला. मेहुणीबाईंनी तो माझ्याकडे दिला. “त्या बाईले सांगून तं या.”

मोहाच्या दिवसांत मी एकटाच गेलो. “टोपवाले भाऊ कुठी?” म्हातारीने विचारले. मी पिशवीतून टोप काढून तिच्या खाटेवर ठेवला. तिने त्याच्या काठावरून हात फिरवला. मग आत जाऊन साडभाऊंचा टोप भरून घेऊन आली. त्याचा हिरवा रंग काठावर झिजू लागला होता. तळहाताने सपाट करून तिने ती फुले जुन्या टोपात ओतली.

“त्यायच्या घरी द्या,” ती म्हणाली. “माप बरोबर हाये.”

बसमध्ये टोप मांडीवर धरून बसलो. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी तो झाकत होतो. मूल गाव येईपर्यंत एकही फूल सांडू दिले नाही.