मामंजींची मरळ

घोडनदीच्या आमच्या चर्चमध्ये बाजरी निघाली की कापणीचा सण असायचा. ज्याच्या शेतात जे पिकलं ते त्यानं वेदीपुढं आणून ठेवायचं. कणसं, भुईमुगाच्या शेंगा, गवार, पाय बांधलेल्या कोंबड्या. एक बाई दरवर्षी एवढा मोठा भोपळा आणायच्या की पाळकसाहेबांना त्याला वळसा घालून पुढं यावं लागे. माझ्या सासऱ्यांना मात्र वीतभर जमीन नव्हती. ते घागरीतून नदीतली जिवंत मरळ आणायचे.

मी लग्न होऊन आले ते साठ सालाच्या आगेमागे. पहिल्याच सणाला मामंजी सगळ्यांच्या मागून आत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, खांद्यावर घागर. ती त्यांनी भोपळ्याशेजारी टेकवली आणि आतल्या मरळीनं असा फटका मारला की पहिल्या बाकावर पाणी उडालं. मला हसू फुटलं. नवी सून चर्चमध्ये हसली म्हणून घरी सासूबाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. पण मामंजींचा चेहरा माझ्या लक्षात राहिला. चारचौघांसारखं आपल्याकडंही काही पिकलं, असा तो चेहरा होता. वर्षभरात तेवढा एकच दिवस तो तसा दिसायचा.

गावाच्या खालच्या अंगाला नदी पसरट होऊन लव्हाळ्यात शिरायची. पाणी जेमतेम गुडघाभर. मरळ तिथं असायची. गळाला बेडकी लावून ती लव्हाळ्याच्या कडेकडेनं नाचवत न्यायची, ही मामंजींची रीत. पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पाणी कुठं हललं ते मी सांगायचे, गळ ते टाकायचे. सून नदीवर मासे धरायला जाते म्हणून गल्लीत बरीच चर्चा झाली. मी कुणाला भीक घातली नाही.

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावली होती. मरळीची पिल्लं लहान असताना शेंदरासारखी लाल असतात आणि सगळी मिळून एका पुंजक्यानं पाण्यावर येतात. खाली नर-मादी राखण करत असतात. त्या वेळी समोर काहीही टाका, ती झडप घालणारच. बाकी लोक अशीच संधी बघून गळ टाकायचे.

"ती काय भुकेनं चावत न्हाई," मामंजी म्हणाले, "पोरांपायी चावती. तसली न्हाई धरायची."

मग नदीवर खाली धरण झालं. पावसाळ्यात पाणी फुगत फुगत वर आलं आणि आमची ती उथळ जागा त्याखाली जाऊ लागली. त्या वर्षी सण जवळ आला तसे आम्ही रोज नदीवर गेलो. रोज घागर रिकामी परत आली. सणाच्या आदल्या दिवशी मात्र लव्हाळ्याचा जो एक तुकडा वर राहिला होता, त्याच्यापुढं मला पाणी हलताना दिसलं. मी हरखून त्यांचा हात धरला. आणि मग तो लाल पुंजका दिसला.

"कुठशी गं?" त्यांनी गळाची काठी उचलत विचारलं.

त्यांना पिल्लं दिसत नव्हती. मी नुसतं "समोर" म्हणाले असते तर घागर भरली असती. माझ्या डोळ्यांपुढं तो भोपळा आला.

"मामंजी, पिल्लं आहेत," मी म्हणाले.

त्यांनी काठी खाली घेतली. बेडकी सोडवून गवतात टाकली. मग लाल आहेत का, पुष्कळ आहेत का, असं विचारत ते त्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातानं चर्चला गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. यंदा मरळ नाही का, असं पाळकसाहेबांनी मायेनंच विचारलं. भोपळेवाल्या बाई म्हणाल्या, बाजारातून तरी आणायची. त्यांचा भोपळा उचलून नदीत टाकावा असं मला वाटलं. पुढल्या वर्षी लव्हाळ्याचा तो तुकडाही बुडाला. मामंजींनी त्यानंतर वेदीपुढं कधीच काही ठेवलं नाही.

याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही. तो शेवटचा सण आहे हे ठाऊक असतं तर मी गप्प बसले असते का, ते मला आज इतक्या वर्षांनी सांगता येत नाही. ती पिल्लं तरी त्या खोल पाण्यात जगली असतील का, कोण जाणे. आता बाजारात बर्फातल्या कटला माशांचे ढीग असतात. मरळ मागितली तर विकणारा म्हणतो, टाकीत वाढवलेली मिळेल, आजी, नदीतली कुठली.

मामंजींचे डोळे पुढं पुरते गेले. तरी पाऊस सरला की बाजेवर पडल्या पडल्या ते मला हाक मारायचे.

"पोरी, नदीकडं गेलती का? पिल्लं दिसली?"

तिथं लव्हाळ्याचं पातंही उरलं नव्हतं.

"दिसली, मामंजी," मी म्हणायचे. "लाल लाल, पुष्कळ."

"मंग बरं झालं तवा सोडली ती," म्हणून ते कूस बदलायचे.