सुनंदाच्या नावावर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं ती समजते, आणि मी तिला तसं समजू देतो. मग तुम्हालाच का सांगतो आहे? माहीत नाही. अलीकडे माझाच आवाज ऐकला की मला किळस येते — आणि मास्तर असल्यामुळे तो रोज ऐकावा लागतो.

मी हुबळीत, विद्यानगरच्या एका कॉलेजात बीएच्या मुलांना समाजशास्त्र शिकवतो. घरचं कोप्पीकर रोडला कापडाचं दुकान आहे, ते धाकटा भाऊ बघतो. घरात एवढा शिकलेला मी एकटाच, म्हणून मान. मानाची चटक फार वाईट हो.

जवळच्या एका तांत्रिक संस्थेत महासंगणक आला, तेव्हा मी पुढे पुढे करून तो आमच्या वर्गापर्यंत आणला. इंजिनिअरिंगच्या पोरांनीच का वापरायचा, समाजशास्त्राच्या मुलांनी का नाही? — हे वाक्य माझं. पेपरात छापून आलं होतं. आणि ते आजही खरंच आहे, हीच तर पंचाईत. मुलं खरोखर शिकली. संगणकात घरांची एक खोटी वस्ती वसवायची, त्या घरांना वागायचे नियम द्यायचे आणि ती वस्ती पुन्हा पुन्हा चालवून बघायची — कुणाला काय मिळतं, कुणाला काय मिळत नाही.

त्यात सुनंदा सगळ्यांच्या पुढे. वडील एका दवाखान्यात साफसफाईला, आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिली. तिचा विषय होता नळाचं पाणी. आमच्या गावात पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी घरात कुणाला तरी थांबावं लागतं. कोण थांबतं? कुणाची मजुरी बुडते, कुणाची शाळा? तिने ते सगळं संगणकात मांडलं. संस्थेतल्या लोकांना ते इतकं आवडलं की उन्हाळ्यात तिथं काम करायला तिची निवड झाली, पुढे एमएला बाहेर पाठवायचंही बोलणं झालं. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. ही निवड दाखवूनच तिने ते थोपवून धरलं होतं. हे मला माहीत होतं — नीट लक्षात ठेवा, माहीत होतं.

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणतो आणि घुटमळतो, बघा.

महासंगणकाचा एक साधा नियम असतो. आत शिरताना पहिलं यंत्र लागतं ते नुसतं दार. तिथं आपलं काम रांगेत लावायचं आणि बाजूला व्हायचं. पाळी आली की आतली मोठी यंत्रं ते करतात. दारातच काम चालवलं तर सगळ्यांची वाट अडते, मंगल कार्यालयाच्या दारात पान मांडून जेवायला बसावं तशी. मुलांना हे तोंडपाठ होतं. मला नव्हतं. प्रशिक्षणाला मी सही करून उठून गेलो होतो, कारण शिकवणारा पोरगा माझ्याहून लहान होता.

शिवाय आमची एक रीत होती. मुलं विसरतात म्हणून सगळ्यांना मी एकच पासवर्ड लावून दिला होता — कॉलेजचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

एका परिसंवादात माझं भाषण होतं आणि मला मोठे आकडे मिरवायचे होते. सुनंदाचं काम आयतं तयार होतं. तिला न विचारता तिच्या नावाने आत शिरलो, हजार घरांच्या जागी दहा लाख घरं टाकली आणि चालू केलं. दारातच. मग चहाला गेलो.

सगळं ठप्प झालं. संस्थेत कुणालाच आत शिरता येईना. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागलं, आणि त्यात कुणाकुणाचं चाललेलं काम वाया गेलं. कॉलेजात फोन आला — तुमच्या सुनंदाने हे काय केलं?

तिचं नाव ऐकून मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं.

प्राचार्यांनी तिला बोलावलं. मी तिथंच बसलो होतो. "सर, मी काल घरातच होतो, पाणी आलंतं," ती म्हणाली — आमच्याकडच्या मुली स्वतःला 'होतो'च म्हणतात. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी मास्तराच्या चेहऱ्याने बसलेला. तिचा आवाज खाली गेला. "मीच परवा कायतरी चालू ठेवून गेलो असेन काय की."

नुसता गप्प बसलो असतो तर भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण मी तिला क्षमा केली. लहान आहे, चुकतात मुलं, असं म्हणालो — आवाजात माया आणून. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावली, आणि ती रडायला लागली तेव्हा डोक्यावर हात ठेवला. हाच हात.

वर्गात एका बिल्डरचा मुलगा होता. तिच्या जागी तो असता तर? तर तोंड उघडलं असतं, भीतीने का होईना. हिच्या बाजूने फोन करणारं कुणी नाही, हे मला त्या खोलीत पक्कं ठाऊक होतं.

निवड रद्द झाली. तिचे अप्पा मला भेटायला आले. वाटलं, जाब विचारतील. त्यांनी हात जोडले. "पोरीला सांभाळून घेतलासा सर. दुसरा कोण असता तर कॉलेजातनं काढला असता." मी म्हणालो, असू दे हो. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी गेलो होतो. पोटभर जेवलो.

आणि पुढचं तर त्याहून घाण आहे. दर वर्षी नव्या मुलांना दाराचा नियम शिकवताना मी तिची गोष्ट सांगायला लागलो. एक मुलगी होती, म्हणून सुरू करतो. कुठं थांबलं की पोरं हसतात हे आता मला नेमकं जमतं. दर वर्षी तिला थोडी जास्त वेंधळी करतो.

यंदा ती धारवाडला सुभाष रोडवर भेटली, कडेवर मूल. तिची नणंद आमच्याच कॉलेजात शिकून गेली, तिने घरी सांगितलं होतं.

"सर, माझी गोष्ट अजून सांगतासा म्हणे वर्गात."

ती हसली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सांगा की सर. माझ्यासारखं परत कुणाचं होऊ नये."

मी म्हटलं, सांगतो. त्यानंतरच्या सोमवारी नव्या वर्गाचा पहिला तास होता. मी ती गोष्ट सांगितली. मुलं हसली.