आतोबांची हात नसलेली माणसं

आमच्या आतोबांनी जन्मभरात जितकं कापड नासवलं, तितकं पंचगंगेच्या घाटावर कुणी धुतलंही नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शिवाजी पेठेत राहायचे आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवायचे. संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं, पण आतोबांचा ब्रश काही खाली आला नाही. चांगले चित्रकार विषय सुचेपर्यंत थांबतात, निदान रंग वाळेपर्यंत तरी थांबतात. आतोबा कशासाठीच थांबत नसत. चहानंतर सुरू केलेलं चित्र जेवणाआधी भिंतीला टेकलेलं असे, आणि जेवून उठले की दुसरं. सिनेमाचे फलक, तमाशाचे पडदे, दुकानांच्या पाट्या, कैलासवासी झालेल्यांच्या तसबिरी, कशालाच नाही म्हणायचा स्वभाव नव्हता. नात्यात लग्न ठरलं की मुलीचा बाप हुंड्याच्या खालोखाल आतोबांच्या आहेराला घाबरे, कारण आहेरात दिलेलं ते अवाढव्य चित्र दारातून आत जात नसे. आमच्या मंगळवार पेठेतल्या घराकडे ते येताना दिसले की आई आधी माळ्यावरची त्यांची चित्रं उतरवून भिंतीला लावायची आणि मग चहाचं आधण ठेवायची.

एवढं रंगवूनही या गृहस्थांना माणसाचे हात काढता येत नसत. बोटं काढायला गेले की गाजरांची जुडी व्हायची. दुसऱ्या कुणी शिकून घेतलं असतं. आतोबांनी हातच रद्द केले. त्यांच्या बायकांचे हात पदराखाली, वकिलांचे कोटाच्या खिशात आणि शेतकऱ्यांचे उभ्या उसात. वर याला ते 'माझी स्टाईल' म्हणत. एकदा एका तालमीनं आपल्या दिवंगत वस्तादांचं मोठं चित्र सांगितलं. आतोबांनी वस्ताद लंगोटावर उभे केले, छाती फुगवली, मिशीला पीळ दिला आणि दोन्ही हात खुशाल पाठीमागे नेले. तालमीतले पैलवान बघतच राहिले.

"आर्टिस्ट, वस्तादांचं हात कुठं हायत?"

"हायत की. मागं."

"मागं कशाला? त्येंनी काय चोरी केलती व्हय?"

"विनय हाय त्यो," आतोबा शांतपणे म्हणाले. "तुमास्नी न्हाई कळायचा."

पैलवानांनी चित्राचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. ऊन लागू नये म्हणून तसं ठेवलंय, असं आतोबा गावभर सांगत फिरले.

आत्याचं जन्मभर एकच मागणं होतं. "साऱ्या पेठेला रंगवलंसा, एकदा मला काढा की." त्यावर आतोबांचं ठरलेलं उत्तर, "तू काय कुठं पळून चाललीयास?" घाटावरच्या म्हशींचीसुद्धा चित्रं झाली, पण आत्याची पाळी काही येईना. मला या गोष्टीची मनस्वी चीड येई. पुढे आत्या अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा आईनं आतोबांना तोंडावर सुनावलं, "आता तरी काढा. वन्संचा एक फोटोसुदिक न्हाई."

आणि आयुष्यात पहिल्यांदा आतोबांचं चित्र अडलं. काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. हातातली बाकीची सगळी कामं पडून राहिली. आम्हाला वाटलं, हेही एक नाटकच. शेवटी एका सकाळी त्यांनी ते चित्र आत्यासमोर आणून धरलं. चेहरा नेहमीप्रमाणे भलत्याच बाईचा होता. पण मांडीवर दोन उघडे हात होते. भाकरी थापून रुंद झालेले तळवे, वाकडी करंगळी, मनगटाजवळचा तव्याचा डाग. ते हात आत्याचेच होते.

आत्यानं चित्र आणखी जवळ धरायला लावलं.

"तोंड माझं न्हाई," ती म्हणाली. आतोबांची मान खाली गेली. "पर हात माझंच हायत." मग हळूच म्हणाली, "म्हंजे बघत हुतासा की वो माझ्याकडं."

आतोबा ब्रश पुसत बसले.

आत्या गेली. आतोबा पुढेही रंगवत राहिले आणि त्यांची माणसं पुन्हा खिशात हात घालून उभी राहू लागली. त्यांचं बहुतेक काम आता पावसानं आणि चुन्यानं खाल्लं आहे. त्याची कुणाला हळहळ नाही, मलाही नाही. ते एक चित्र मात्र माझ्या घरी आहे. नवा पाहुणा विचारतो, ही बाई कोण? मी म्हणतो, आमची आत्या, पण चेहऱ्याकडे बघू नका, हात बघा. पाहुणा बघतो, मीही बघतो. मग मला तिच्या चुलीपुढची गरम भाकरी आठवते, आणि त्या माणसाला आणखी नावं ठेवणं माझ्याच्यानं होत नाही.